चौथा भाऊ कुठं बसवू, साहेब?

प्रति,
माननीय श्री. फॉर्मकर्ते साहेब,
मुक्काम सर्व्हरपलीकडे.

विषय : आपले जाहीर आभार मानण्याबाबत.

माननीय महोदय,



मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याच्या तोंडाशी असलेल्या सेवा केंद्रात बसतो. शेतकरी कागद पुढ्यात ठेवतात आणि मी ते आपल्या ऑनलाइन फॉर्ममध्ये उतरवतो. आपली माझी ओळख नाही, पण सहवास रोजचा आहे. फॉर्म कोणत्या योजनेचा, कार्यालय कोणतं, कंत्राट कोणाला गेलं, यातलं काही मी इथं लिहिणार नाही. एवढं थोर काम करूनही आपण पानावर कुठं आपलं नाव टाकलं नाहीत. तो विनय माझ्या हातून मोडायला नको.

सर्वांत आधी 'खातेदार जोडा' या बटणाबद्दल आभार. हिरवंगार, गोल कडांचं, वर अधिकचं चिन्ह. सामाईक सातबारा असलेल्या माणसाला ते नुसतं बघूनच हायसं वाटतं. बटण दाबावं आणि नवी ओळ यावी : नाव, आधार क्रमांक, हिस्सा. हवी तेवढी दाबा, तेवढ्या ओळी. आपलं मन किती मोठं आहे, ते त्या बटणावरूनच कळतं.

परवा चार भाऊ आले. वडील वारले, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर चौघांची नावं एकाखाली एक लागली. मी चार ओळी भरल्या, 'सादर करा' दाबलं. पान पांढरं झालं आणि त्यावर लाल अक्षरांची रांग उतरली. थोरला माझ्या खांद्यावरून बघत होता. "भाऊ, हे लाल काहून झालं?" मी म्हटलं, साहेबांचं उत्तर आलंय. "काय म्हणतेत?" मी वाचून दाखवलं : सर्व्हलेट एक्सेप्शन, बीनयूटिल्स डॉट पॉप्युलेट; त्याखाली अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स एक्सेप्शन, ३. धाकट्यानं विचारलं, "तीन म्हंजी?" संगणक शून्यापासून मोजतो, साहेब. मला सांगावं लागलं, "तीन म्हणजे तू."

या लाल ओळींबद्दल तर आभार मानावेत तेवढे थोडे. इतका पारदर्शक कारभार मी पाहिलेला नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला असता तरी महिना गेला असता, आणि इथं आपण आपल्या फॉर्मचं पोट उघडं करून शेतकऱ्यापुढं ठेवलंत : कोणती फाइल, कितवी ओळ, कोणतं फ्रेमवर्क, सगळं. मी पदवीला जावा शिकलो होतो. ती विद्या सेवा केंद्रात कामी येईल असं माझ्या मास्तरांनाही वाटलं नसेल. आपण ती कामी आणलीत.

आपल्याला मी काय सांगावं? पण पत्र उघडं आहे, चार माणसं वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्राउझर सर्व्हरकडे जे पाठवतो ती नुसती अक्षरं असतात : अमुक चौकटीचं नाव आणि तिच्यात लिहिलेला मजकूर. शेतकऱ्याचं क्षेत्र ०.८१ हेक्टर असलं तरी सर्व्हरच्या दारात पोचतात ती अक्षरंच. ती उचलून जावामधल्या एका वस्तूच्या ठरलेल्या कप्प्यांत ठेवण्याचं काम फ्रेमवर्क करतं. ती वस्तू म्हणजे फॉर्म ऑब्जेक्ट. अक्षरांचा आकडा करायचा, तारीख करायची, चुकलं तर नीट सांगून परत पाठवायचं, हे सगळं तिच्यापाशी होतं. तिच्यात कप्पाच नसेल, तर माणूस कितीही खरा असो, त्याला जागा नाही.

आपण वापरलेलं फ्रेमवर्क स्ट्रट्स, पहिल्या पिढीचं. क्रेग मॅक्क्लानहन यांनी ते २००० साली अपाचे या संस्थेच्या हवाली केलं. तेव्हा प्रत्येक फॉर्मसाठी एक जावा क्लास हातानं लिहावा लागे. एक चौकट वाढली की क्लासमध्ये दोन मेथड वाढवा, कंपाइल करा, पुन्हा सर्व्हरवर चढवा. हा व्याप वाचवायला २००३ च्या १.१ आवृत्तीत डायना अ‍ॅक्शन फॉर्म आला. क्लास लिहायचाच नाही. एका एक्सएमएल फाइलमध्ये चौकटींची नावं आणि प्रकार लिहून ठेवले की ऑब्जेक्ट आपोआप उभा राहतो. त्यातलं 'डायना' म्हणजे डायनामिक. फक्त एक बारकी अट आहे. कप्पे कोणते, हे त्या फाइलमध्ये आधीच ठरतं. अर्ज भरताना नवा कप्पा फुटत नाही. आणि रांगेची चौकट असेल तर तिची लांबीही तिथंच, 'साइज' म्हणून लिहून ठेवता येते.

आपण ती लिहिलीत : तीन.

म्हणजे लवचीकपणा आला, पण तो प्रोग्रामरच्या सोयीसाठी. शेतकऱ्याच्या वाट्याला आलं ते हिरवं बटण. ब्राउझरमध्ये ओळी कितीही वाढतात, सर्व्हरवर जागा तिघांचीच. लग्नाच्या पत्रिका गावभर वाटायच्या आणि पंगतीला तीनच पानं मांडायची, असा हा सत्कार आहे, आणि तो आपण रोज नव्या उत्साहानं करता.

तीनच का, यावर आमच्या केंद्रात बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, साहेब कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचे भक्त असतील. दुसरा म्हणाला, चाचणी घेणाऱ्याच्या घरी तिघंच असतील. मला वाटतं, आपल्याला जमीन ही फ्लॅटसारखी वाटली असावी : नवरा, बायको आणि बँक.

आमच्याकडे तसं नसतं, साहेब. पणजोबांच्या काळी उताऱ्यावर एक नाव होतं, आजोबांच्या पिढीत त्याची चार झाली, आता अकरा आहेत. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यामुळं उतारा आणखी लांबला आणि लांबायलाच हवा होता. विधिमंडळानं आणि संसदेनं जो कायदा केला, तो आपण एका एक्सएमएल फाइलमध्ये तीनवर आणून थांबवलात. एवढा अधिकार तर राज्यपालांनाही नाही.

भावाभावांतच जागा नाही म्हटल्यावर बहिणीचं नाव कितव्या ओळीवर जाणार, ते आपल्याला सांगायला नको. आपल्या फॉर्मनं घराघरातला एक जुना वाद मिटवला. मी भावांना सांगतो, तिघांचीच नावं बसतात. ते बहिणीला सांगतात, कंप्युटरच घेत नाही. आता कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आमचे तलाठी अप्पा अडाणीच म्हणायचे. फॉर्मवरच्या ओळी संपल्या की ते एक कोरा कागद घ्यायचे, वर 'पुरवणी' लिहायचे, उरलेली नावं त्यावर उतरवायचे, खाली सही करून टाचणी मारायचे. त्यांना फ्रेमवर्क ठाऊक नव्हतं. आपल्याला टाचणी ठाऊक नाही.

आता मधली ओळ काढण्याच्या सोयीबद्दल. प्रत्येक खातेदारापुढं आपण एक लाल फुली दिलीत. एकदा तीन ओळींत एकाचंच नाव चुकून दोनदा पडलं, म्हणून मी मधल्या ओळीची फुली दाबली. ओळ पडद्यावरून गेली, पण उरलेल्या ओळींचे क्रमांक आपण बदलले नाहीत. सर्व्हरकडे शून्य गेला, दोन गेला, एक गेलाच नाही. आपल्या प्रोग्रामनं त्या रिकाम्या जागेवर माणूस आहे असं धरून त्याचं नाव विचारलं आणि उत्तर न आल्यानं जागीच प्राण सोडला. नल पॉइंटर एक्सेप्शन. नसलेल्या माणसाला हाक मारून तो ओ देत नाही म्हणून सगळ्या घराचा अर्ज फेटाळायचा, हे न्यायदान मी आधी कुठं पाहिलं नव्हतं.

गट क्रमांकाच्या चौकटीसाठी वेगळं वंदन. तिच्यात करड्या अक्षरांत उदाहरण आहे : 123. किती सोपं, किती देखणं! आमचे गट मात्र ४५/२/अ असे असतात, कारण वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले. रेघ टाकली की चौकट लाल होते, 'अ' टाकला की आणखी लाल. शेवटी लोक नुसते ४५ लिहितात आणि मग छाननीत शेरा येतो : गट क्रमांक सातबाऱ्याशी जुळत नाही. जुळणार कसा? जुळणारा क्रमांक आपण दारातूनच परत पाठवलात.

त्यात एक गंमत आहे, ती आपल्याला आवडेल. मराठी कळफलकावरून ४५ टाइप केलं तरी आपली चौकट तो आकडा मानत नाही. पण जावा मानते! इंटिजर डॉट पार्सइंट या तिच्या साध्या मेथडला देवनागरी ४५ दिलं तर ती निमूट पंचेचाळीस काढून देते, कारण तिला युनिकोडमधले सगळे अंक कळतात. परदेशात जन्मलेल्या भाषेला आमचा पाढा येतो. तो न येणारी ओळ आपण ब्राउझरच्या स्क्रिप्टमध्ये खास वेगळी लिहिलीत.

पिकांच्या बाबतीत आपण आम्हाला शिस्त लावलीत. एका गटात एकच पीक. आमच्याकडे कपाशीत तुरीचे तास असतात, सोयाबीनमध्येही तूर असते. पाऊस दगा देतो म्हणून शेतकरी दोन पिकांवर भार टाकतो. गाव नमुना बारामध्ये पीक मिश्र की निर्भेळ, याची वेगळी नोंद असते. आपण तो नमुना समोर ठेवूनच फॉर्म केला असणार. फक्त अवघड रकाने गाळलेत. त्यामुळं आता तूर शेतात आहे, नमुन्यात आहे, आपल्याकडे नाही.

मोसंबीची तर कमाल. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, देशाच्या बाजारात तिला नाव आहे. आपल्या यादीत ती 'म' खाली सापडत नाही. ती 'स्वीट ऑरेंज' म्हणून बसली आहे आणि तिच्या जवळच नुसतं 'ऑरेंज' आहे. पंचवीस वर्षं बाग राखलेला माणूस आपल्या यादीत बोट फिरवत स्वतःचंच झाड शोधतो. ज्याला घाई असते तो संत्रा निवडून मोकळा होतो. मग पाहणीला आलेले साहेब विचारतात, संत्रा कुठाय?

गावांची यादीही आपण मोठ्या कल्पकतेनं केलीत. आमच्या जिल्ह्यात कुंभार पिंपळगाव आहे, पिंपळगाव रेणुकाई आहे, पिंपळगाव कोलते आहे. एक घनसावंगी तालुक्यात, दोन भोकरदनमध्ये. तालुका आधी निवडला तर गोंधळ होणार नाही, हे कोणीही सांगेल. आपण गाव आधी विचारता, तालुका नंतर. म्हणून यादीत 'पिंपळगाव' नुसतंच अनेकदा येतं आणि माणूस देवाचं नाव घेऊन एकावर टिचकी मारतो.

आता 'ठिबक सिंचन आहे' या टिचकीच्या चौकटीचा विषय. हिच्याबद्दल काही शेतकरी आपल्याला दुवा देतात. पहिल्या माणसाकडे ठिबक असतं, मी खूण करतो, अर्ज जातो. दुसऱ्याकडे ठिबक नसतं, मी खूण करत नाही, आणि पावतीवर येतं : ठिबक आहे. हा चमत्कार कसा होतो ते मी शोधून काढलं. खूण न केलेली चौकट ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. स्ट्रट्समध्ये काही न सांगता सोडलं तर फॉर्म ऑब्जेक्ट सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन असेपर्यंत सर्व्हरनं जपलेल्या जागेत, मुक्कामाला राहतो. माझं लॉगिन एकच, सेशन एकच. म्हणून आधीच्या माणसाचा ऑब्जेक्ट पुढच्याच्या अंगावर चढतो. हे टाळायला 'रीसेट' नावाची मेथड आहे. ती लिहायची असते. आपण संपत्तीचं फेरवाटप पसंत केलंत. विनोबांना जे पायपीट करून करावं लागलं, ते आपल्या हातून काही न लिहिता झालं.

अनुदानाच्या छाननीत मात्र तो दुसरा माणूस 'खोटी माहिती देणारा' ठरतो. आपण निश्चिंत असा. आपलं नाव कुठंही येत नाही.

नावांकडे वळतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव देवनागरीत भरलं तर पावतीवर टोप्या आणि शेपट्या घातलेली परदेशी अक्षरं येतात. कारण जावाच्या सर्व्हलेटला कोणी सांगितलं नाही, तर ती आलेला मजकूर पश्चिम युरोपच्या जुन्या लिपिसंचात आहे असं धरून वाचते. 'हा युटीएफ-८ आहे' एवढं सांगणारा फिल्टर लावायला थोड्याच ओळी लागतात. पण आपण ज्ञानेश्वरांना युरोपची वारी घडवलीत. आळंदीत हे कळलं तर सत्कार होईल.

आणि ते शेवटचं लेबल! जिथं 'शेरा' असं छापलेलं हवं होतं, तिथं आधी तीन प्रश्नचिन्हं, मग एमआर, आयएन, डॉट, लेबल, डॉट, शेरा, पुन्हा तीन प्रश्नचिन्हं. मराठी शब्दांच्या फाइलमध्ये ती एक ओळ लिहायची राहिली की स्ट्रट्स अशी सहा प्रश्नचिन्हं काढतं. एका आजोबांनी विचारलं, "इथं काय लिवायचं?" मी म्हटलं, फॉर्मलाच प्रश्न पडलाय, आपण काय उत्तर देणार?

वेळेच्या बाबतीत आपण कडक आहात, ते योग्यच. टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर सेशन मुळात तीस मिनिटं जिवंत राहतं. आपण ते कमी केलंत. किती, ते आम्हाला घड्याळ लावून कळलं. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल मुलाजवळ असतो, मुलगा पुण्याला कंपनीत असतो, कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तो जेवणाच्या सुट्टीत फोन उचलतो तेव्हा इकडं 'सेशन एक्स्पायर्ड' झालेलं असतं आणि सगळ्या चौकटी पुन्हा कोऱ्या. भरलेलं अर्धवट तरी जपून ठेवायची सोय नाही. आधीच्या शेतकऱ्याचं ठिबक मात्र आपण जपून ठेवता.

'सादर करा' बटणाची भूक तर जगावेगळी. नेट मंद असलं की गोल फिरत राहतं. काही झालं नाही असं वाटून माणूस पुन्हा दाबतो आणि दोन अर्ज जातात. एकच अर्ज दोनदा येऊ नये म्हणून टोकन देण्याची सोय स्ट्रट्समध्ये सुरुवातीपासून आहे. आपण तिला हात लावला नाहीत. पुढं यंत्रणेला 'दुबार अर्ज' सापडतो आणि ती दोन्ही बाद करते. दोनदा मागितलं म्हणून एकदाही नाही. गोष्टीतल्या लोभी माणसाचं तात्पर्य आपण शासकीय कामात उतरवलंत.

आपण या परंपरेत एकटे नाही, हे सांगून आपला एकटेपणा दूर करतो. २०१७ च्या जूनमध्ये राज्यात ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. तिच्यासाठी जुलैपासून ऑनलाइन अर्ज भरून घेतले. कुटुंब हा घटक, म्हणून नवरा-बायको दोघांची माहिती, दोघांचं आधार, अंगठा. केंद्रांवर रांगा लागल्या, शेवटची तारीख १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरवर गेली. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि मग याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाल्याच्या बातम्या आल्या. लोकांनी एवढं सगळं भरून दिलेलं, तरी यंत्रणेला माणूस ओळखता येईना.

पुढची कर्जमाफी डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं आली. तिच्यात शेतकऱ्याला अर्जच भरायचा नव्हता. बँकांनी याद्या दिल्या, शेतकऱ्यानं केंद्रावर येऊन आधार प्रमाणीकरण केलं, रक्कम खात्यावर. अडीच वर्षांत सरकारला जे उमगलं ते इतकंच : जी माहिती सरकारच्याच दप्तरात आहे, ती शेतकऱ्याकडून पुन्हा लिहून घेऊ नये. सातबारा सरकारचा, आठ-अ सरकारचा, फेरफार सरकारचा. तरी आपला फॉर्म अजून विचारतो, खातेदार किती? जणू वाटणीच्या वेळी आपणच पंच होता आणि आता विसरलात.

सुरक्षेबद्दल लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. जिथं वाढायला हवं तिथं आपण भिंत घातलीत आणि जिथं भिंत हवी तिथं दार उघडं ठेवलंत. पानाचा सोर्स उघडून बघितला, तर एक लपवलेली चौकट आहे : 'पात्र', आणि तिच्यात लिहिलेलं 'नाही'. म्हणजे अर्जदार पात्र आहे की नाही, हे अर्जदाराचा ब्राउझर आपल्याला कळवतो आणि आपण ते जसंच्या तसं ऑब्जेक्टमध्ये घेता. आमच्या शेतकऱ्याला सोर्स उघडता येत नाही, म्हणून तो अपात्र. ज्याला उघडता येतो, त्याची पात्रता त्यानंच ठरवायची.

स्ट्रट्सच्या पहिल्या पिढीला अपाचेनं २०१३ साली अधिकृत निरोप दिला; त्यापुढं दुरुस्त्या बंद. वर्षभरानं, २०१४ मध्ये, चौकटीच्या नावात 'क्लास' हा शब्द घुसवून सर्व्हरच्या आतल्या वस्तूंना हात लावता येतो हे उघड झालं. २०२२ च्या मार्चमध्ये स्प्रिंगसारख्या नव्या, नांदत्या फ्रेमवर्कमध्येही त्याच जातीची फट निघाली आणि ती तातडीनं बुजवावी लागली. जगानं त्यातून एक धडा घेतला : बाहेरून आलेल्या अक्षरांनी कोणत्या कप्प्यात जायचं, याची यादी आपण ठरवायची, पाठवणाऱ्यानं नाही. आपण बुजवायच्या भानगडीत पडला नाहीत. मयताच्या नावावर अनुदान उचलल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. मयत फ्रेमवर्कच्या नावावर कंत्राट चालतं, हे आपण दाखवलंत.

तेव्हा एक प्रार्थना करतो. उद्धटपणा वाटला तर लहान तोंडी मोठा घास म्हणून सोडून द्यावा.

फॉर्ममध्ये काय विचारायचं ते प्रोग्राममध्ये कोरू नका, डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवा : चौकटीचं नाव, तिचं मराठी लेबल, तिचा प्रकार, ती सक्तीची की ऐच्छिक, तिच्या किती ओळी चालतील. पान त्याच तक्त्यावरून काढा आणि सर्व्हरवरचा ऑब्जेक्टही त्याच तक्त्यावरून उभा करा, म्हणजे दिसतं एक आणि असतं दुसरं, असं होणार नाही. तक्त्यात नसलेली चौकट आली तर ती दारातच टाका. 'पात्र' हा रकाना त्या तक्त्यात नको. तो छाननीचा आहे.

खातेदारांची रांग येईल तशी वाढू द्या. आपल्याच स्ट्रट्समध्ये पुढं 'लेझी' जातीचे फॉर्म आले होते. ओळ आली की ते तिच्यासाठी जागा करतात. स्प्रिंगमध्ये तर यादी काही न करता २५६ पर्यंत वाढते. दोनशे छप्पन्न खातेदार, साहेब! जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, आठही तालुक्यांतला कुठलाही वाडा त्यात मावेल, बहिणींसकट.

आणि फॉर्म लोकांपुढं ठेवण्याआधी तो एकदा खऱ्या सातबाऱ्यावरून भरून बघा. एसीत नको, पेरणीच्या दिवसांत, आमच्या नेटवर, शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी. मी खुर्ची देतो. चहाही देतो. ओटीपीची व्यवस्था आपली आपण करावी.

तोवर माझा निवाडा ऐकून ठेवा. अर्ज परत येतात तेव्हा त्यांवर 'अर्जदाराने त्रुटीची पूर्तता करावी' असा शेरा असतो. ती त्रुटी अर्जदाराची नाही, आपली आहे. पूर्तता आपण करायची आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
जालना जिल्ह्यातला एक सेवा केंद्रचालक

ता. क. : हे पत्र साहेबांच्या आधी ज्यांच्या हाती पडेल, त्या शेतकरी भावाबहिणींना एक सांगणं आहे. अर्ज भरताना पडद्यावर लाल ओळी आल्या तर केंद्रचालकावर चिडू नका आणि घरीही जाऊ नका. तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढा, सातबाऱ्याची प्रत जोडा आणि तहसील किंवा कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. त्रुटी कोणाची होती, हे सिद्ध करायला उद्या तोच कागद लागेल.